शांतिसैनिकांवर दबा धरून हल्ला कोण करतं आणि का? मुलांना काय सांगू?

डिचोलीची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी डिचोली तालुक्यात आठवीला इतिहास शिकवते. दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की आम्ही गोवा मुक्तिदिनाची तयारी करतो, पत्रादेवीचा हुतात्मा स्तंभ, १९५५ चे सत्याग्रही, ऑपरेशन विजय, हे सगळं मुलांना पाठ असतं. यंदा मी ठरवलं की डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य आणखी कुठे होतं ते पण सांगायचं, म्हणून कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांची गोष्ट घेतली. ५ डिसेंबर १९६१, काँगोमधलं एलिझाबेथव्हिल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेला २६ वर्षांचा मुलगा, गोवा मुक्त व्हायच्या बरोब्बर १४ दिवस आधी गेला. शांतिसेनेतल्या कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच.

मी आपली शौर्याची गोष्ट सांगत होते आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, टीचर, ते तर भांडण सोडवायला गेले होते ना, मग त्यांना कोणी आणि कशाला मारलं? मी काहीतरी बोलले, बंडखोर होते, वाईट लोक होते वगैरे, पण माझं मलाच ते पटलं नाही आणि तिला पण नाही पटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी येऊन वाचायला बसले तर एक सलारियांचीच गोष्ट नाही. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानमध्ये जोंगलेई भागात गुमुरुकजवळ आपल्या जवानांच्या ताफ्यावर असाच हल्ला झाला, ५ भारतीय सैनिक गेले, त्यात एक लेफ्टनंट कर्नल, आणि त्यांच्याबरोबर ७ बिगरसैनिक पण गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला, म्हणजे आपल्या मुक्तिदिनालाच, अकोबो इथल्या तळावर हल्ला होऊन आणखी दोघे गेले. त्या दिवशी मी इथे मुलांकडून गाणी म्हणून घेत असणार. वाचल्यापासून मन लागत नाही.

तर विचारायचं असं की निळं हेल्मेट, पांढरी गाडी, मोठ्ठं यूएन लिहिलेलं, हे दिसत असूनही हल्ला का होतो? चुकून होतो की मुद्दाम? आणि आपल्या जवानांना उलट गोळी झाडायची परवानगी असते की नाही? कुणी तिकडे जाऊन आलेलं असेल तर प्लीज सांगा, पुस्तकी नको, मुलांना कळेल असं.

बांबोळी_सिग्नल

बाई, नमस्कार. मी सिग्नल्समधून सुभेदार म्हणून रिटायर झालो, शेवटची काही वर्षं बांबोळीला ट्रेनिंग सेंटरमध्ये होतो आणि नंतर इथेच राहिलो. मध्ये एक टर्म काँगोला गोमा इथे काढलीय, यूएनच्या मिशनवर. माझ्यावर स्वतःवर हल्ला झाला नाही हे आधीच सांगतो, पण रेडिओच्या सेटवर बसून दुसऱ्यांच्या ताफ्याची वाट बघायचं काम मी केलंय आणि ते काय असतं ते मला ठाऊक आहे. ताफा निघाला की ठरलेल्या टायमाला रिपोर्ट यायला पाहिजे, दहा मिनिटं उशीर झाला की तंबूत कुणी बोलत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर, बहुतेक वेळा मुद्दाम होतो. निळं हेल्मेट दिसतं म्हणूनच होतो.

बघा, आपण पाकिस्तानच्या सीमेवर असतो तेव्हा लपतो, गाडीला जाळी घालतो, तोंडाला काळं फासतो. शांतिसेनेत सगळं उलटं. गाडी पांढरी शुभ्र, कारण गावातल्या बाईला दुरून कळलं पाहिजे की हे आपल्याला लुटणारे नाहीत. अँटेना उंच. वर झेंडा. कुठल्या रस्त्याने जाणार ते तिथल्या सरकारी लोकांना आधी कळवलेलं असतं, आणि तिथे सरकारी लोकांना कळलं म्हणजे बाजाराला कळलं. त्यात रस्ता असतो एकच. जोंगलेईत पावसाळ्यात काळी चिकट माती इतकी फुगते की महिनोन्महिने गाडी जात नाही, म्हणजे सगळी वाहतूक कोरड्या महिन्यांत त्याच वाटेने होणार हे गुराख्याच्या पोरालाही माहीत. एप्रिल म्हणजे पावसाच्या तोंडावरचा महिना. गुमुरुकला ३०-३५ जवान ताफा घेऊन चालले होते आणि समोर दबा धरून बसलेले २०० च्या आसपास, रॉकेट लाँचर घेऊन. आमच्या भाषेत सांगायचं तर जागा त्यांनी निवडली, वेळ त्यांनी निवडली, आपल्याकडे राहिलं ते फक्त तिथून बाहेर पडणं.

आणि तरी ते जवान ताफ्यातल्या बिगरसैनिक लोकांना सोडून पळाले नाहीत. मुलांना हे नक्की सांगा.

जुनं उदाहरण पण आहे. ८ नोव्हेंबर १९६०, काँगोतच निएम्बा म्हणून जागा, आयर्लंडच्या ११ जणांची तुकडी रस्ता मोकळा करत चालली होती. नदीवरचा पूल तोडलेला, म्हणून गाडीतून उतरले. तिथेच बालुबा जमातीच्या लोकांनी वेढलं, बाण आणि भाले घेऊन. ९ गेले, २ वाचले. त्या लोकांना हे नेमके कोण आहेत हेच माहीत नव्हतं असं बरेच जण मानतात. काही दिवसांपूर्वी त्यांच्या गावांवर कटांगाच्या, म्हणजे काँगोतून फुटून निघालेल्या प्रांताच्या, गणवेशातल्या लोकांनी जाळपोळ केलेली, त्यात परत गोऱ्या कातडीचे गणवेशवाले आले. म्हणजे चुकून पण होतं बाई, दोन्ही होतं. पण तोडलेला पूल, पडलेलं झाड, रस्त्यात आडवा ट्रक, हे दिसलं की आजही आमच्या पोटात गोळा येतो, कारण माणूस गाडीतून उतरला की संपलं.

आता परवानगीचं. शांतिसेनेचे तीन नियम पोरांना सांगायला सोपे आहेत. दोन्ही बाजूंची संमती पाहिजे, आपण कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि बळ वापरायचं ते स्वतःला वाचवायला किंवा सोपवलेलं काम कुणी अडवलं तर. गोळी झाडता येत नाही हा गैरसमज आहे, झाडता येते, आणि आता बहुतेक मोठ्या मिशनना सामान्य लोकांना वाचवण्यासाठी बळ वापरायचे स्पष्ट अधिकार असतात. अडचण कुठे आहे तर पहिली गोळी नेहमी समोरच्याची. तुम्ही त्याला बंदूक घेऊन उभा बघता, पण तो गावकरी असू शकतो, गाई राखणारा असू शकतो, तिकडे गाई चोरीला जातात म्हणून गुराख्यांच्या खांद्यावर पण बंदूक असते. थांबावं लागतं. त्या थांबण्यातच माणसं जातात.

सलारियासाहेबांचं वेगळं होतं, ते नंतर लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

वाळपईची_ताई

सुभेदारकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, राग मानू नका. पण मला एक सांगा, आपली पोरं तिकडे का? माझा भाऊ बीएसएफमध्ये आहे. जुलै २०२२ मध्ये काँगोत बुटेम्बोला बीएसएफचे दोन हेड कॉन्स्टेबल मारले गेले, तेव्हा त्याचा फोन लागेपर्यंत आई जेवली नव्हती, तो तर तिकडे नव्हताच, तो होता बंगालमध्ये, पण आईला कोण समजावणार. आणि ते बंडखोरांनी केलेलं पण नव्हतं, तिथल्या तळावर मोर्चा आला होता, म्हणजे ज्यांना वाचवायला गेलो तेच लोक म्हणत होते निघून जा. मग कशाला राहायचं? भत्ता चांगला मिळतो म्हणून मुलं नावं देतात हे मला माहीत आहे, घर बांधून होतं, बहिणीचं लग्न होतं. आजपर्यंत भारताच्या दीडशेच्या वर जवानांचा शांतिसेनेत जीव गेलाय, दुसऱ्या कुठल्या देशाचे एवढे गेले नाहीत. बाईंनी मुलांना हे पण सांगावं असं मला वाटतं. नुसतं शौर्य सांगितलं की पुढचा मुलगा हसत हसत नाव देतो.

सांगे_खाणवाला

ताईंचं दुखणं खरं आहे, पण मी जरा मुळाशी जातो, कारण टीचरांच्या त्या मुलीने "कशाला" विचारलंय आणि त्याचं उत्तर जमिनीखाली आहे.

मी खाणीवर मशिनरीचा माणूस. गोव्यात खाणी बंद पडल्यावर आम्ही बरेच जण आफ्रिकेत गेलो, मी झांबियात कॉपरबेल्टला होतो, किटवेला. तिथून सीमा ओलांडली की कटांगा. त्याच तांब्याची पट्टी पलीकडे पण जाते, मातीचा रंग बघितला की मला सांगे-केप्याची आठवण यायची. एलिझाबेथव्हिल म्हणजे आताचं लुबुम्बाशी, टीचर, मुलांना नकाशावर ते नाव शोधायला सांगा, जुनं सापडणार नाही.

काँगो ३० जून १९६० ला बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि दोन आठवडे पण झाले नाहीत, ११ जुलैला तिथला नेता मोइझ चोंबेने कटांगा वेगळा देश म्हणून जाहीर केला. का? कारण तांबं, कोबाल्ट सगळं तिथे. शिंकोलोब्वेची खाण तिथलीच, हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचं युरेनियम जिथून गेलं ती. युनियन मिनियेर नावाची बेल्जियन कंपनी होती, ती कर भरायची तो राजधानीला न भरता चोंबेला भरायला लागली. त्या पैशातून त्याने स्वतःचे सैनिक उभे केले, जांदार्म म्हणायचे त्यांना, आणि वर युरोपातून, दक्षिण आफ्रिकेतून भाडोत्री गोरे अधिकारी आणले. आता संयुक्त राष्ट्रं म्हणणार देश एक ठेवा, परके भाडोत्री बाहेर काढा. म्हणजे चोंबेच्या दृष्टीने शांतिसेना मधला पंच राहिलीच नाही, तिजोरीच्या दारात उभा राहिलेला माणूस झाली. हल्ला अशा माणसावर होतो.

२४ नोव्हेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेने ठराव करून भाडोत्र्यांना हटवायला बळ वापरायची परवानगी दिली आणि ५ डिसेंबरला ती लढाई झाली. मधले दिवस मोजा.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हमरशोल्ड यांचं विमान याच भांडणात तडजोड करायला जाताना १८ सप्टेंबर १९६१ च्या रात्री आताच्या झांबियात एन्डोलाजवळ पडलं. ती जागा मी बघितलीय, झाडीत स्मारक आहे, फार शांत. मी तिथे उभा असताना मला एकच सारखं वाटत होतं की आपल्याकडे पण डोंगर पोखरून बार्जमधून माल बाहेर गेला, गावागावांत भांडणं झाली, विहिरी आटल्या, पण देवाच्या कृपेने बंदुका नाही आल्या. तिकडे आल्या. फरक एवढाच होता असं मी म्हणत नाही, पण मुलांना खाण म्हणजे काय ते कळतं, डिचोलीची मुलं आहेत, धूळ खाऊन वाढलेली. तिथून सुरुवात करा, कटांगा त्यांना लगेच कळेल.

बांबोळी_सिग्नल

आलो. खाणवाले साहेबांनी माझं अर्धं काम केलं.

५ डिसेंबरचं सांगतो. पणजीत दिवजा सर्कल कुणी अडवलं तर काय होईल विचार करा, मांडवीच्या पुलावरून येणारं सगळं तिथेच अडणार, दाबोळीकडे जायची पंचाईत. एलिझाबेथव्हिलला तसंच एक महत्त्वाचं सर्कल कटांगाच्या जांदार्मनी अडवलं होतं, म्हणजे शहरातली यूएनची माणसं आणि विमानतळ यांच्यामधला रस्ताच तोडला. ते मोकळं करायचं काम ३/१ गोरखा रायफल्सला मिळालं. एक कंपनी समोरून जाणार, आणि सलारियासाहेब थोडे जवान आणि स्वीडनच्या दोन चिलखती गाड्या घेऊन विमानतळाच्या बाजूने येऊन मागची वाट बंद करणार, असा प्लॅन.

दुपारी एकच्या सुमारास ते येत होते आणि सर्कलला पोचायच्या आधीच उजवीकडून फायर आला. तिथे आणखी एक नाकाबंदी होती, कुणाला माहीत नसलेली, खंदक खणून ९० च्या आसपास माणसं बसलेली, दोन चिलखती गाड्यांसह. इकडे गोरखे १६. एम्बुशमध्ये, म्हणजे दबा धरून केलेल्या हल्ल्यात, सापडलेल्या कुठल्याही तुकडीने मागे हटणं हे चूक मानलं नसतं कोणी. पण त्यांच्या डोक्यात आलं की ही ९० माणसं इथून उठून सर्कलवर गेली तर समोरून येणारी आपली कंपनी मधल्यामध्ये सापडेल. म्हणून त्यांनी रॉकेट लाँचरने गाड्यांवर मारा केला आणि संगीन, खुकऱ्या, ग्रेनेड घेऊन "आयो गोरखाली" म्हणत चढाई केली. समोरचे ४० पडले, दोन्ही गाड्या निकामी, बाकीचे पळाले. साहेबांना मानेत गोळी लागली होती, तरी रक्त जाऊन खाली पडेपर्यंत लढत होते. ते वाचले नाहीत, पण सर्कल मोकळं झालं.

वाळपईच्या ताई, राग कशाला मानू. भत्त्याचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं, मी पण त्यातून घराचा स्लॅब घातला, लपवायचं काय. आणि बुटेम्बोचं पण खरं. त्या भागात एडीएफ नावाचा गट रात्री गावात घुसून लोकांना मारतो, सकाळी यूएनची पांढरी गाडी जाते आणि फोटो काढते. लोकांनी किती वर्षं बघायचं? त्यांचा राग मला कळतो, आपल्या दोन पोरांचा जीव गेला ते मात्र कुठल्याच रागाने पटणार नाही. आमच्या वेळी पण बायका कॅम्पच्या गेटवर येऊन बसायच्या, काहीही मागत नव्हत्या, रात्र तिथे काढायच्या आणि उजाडल्यावर शेतावर जायच्या. तो गेट नसता तर त्या कुठे गेल्या असत्या याचं उत्तर माझ्याकडे नाही ताई, म्हणून राहायचं की नाही यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

एक गोष्ट मात्र बदलतेय. २०१७ ला ब्राझीलचे जनरल सांतोस क्रूझ यांनी अहवाल दिला, त्यात सरळ लिहिलं की निळं हेल्मेट आता आपोआप संरक्षण देत नाही आणि बरीच माणसं गेली ती काही न केल्यामुळे, गस्त न घातल्यामुळे, तळात बसून राहिल्यामुळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँगोत सेमुलिकीला टांझानियाचे १४ जवान एका रात्रीत गेले होते. आम्ही जुने लोक हेच सांगत आलो, की बसलेला माणूस सोपा असतो.

चिखली_दाबोळी

मी फक्त वाचत होतो पण आता राहवत नाही. आमचं घर चिखलीला, विमानतळाच्या खालच्या बाजूला. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा आजोबा विहिरीवर होते, कळशी तिथेच टाकून पळाले असं ते शेवटपर्यंत सांगायचे. मला आत्ता कळतंय की तसलीच कॅनबेरा विमानं, आपल्याच हवाई दलाची, ६ विमानं, त्याच डिसेंबरात काँगोत पण होती आणि त्यांनी कोलवेझीच्या विमानतळावर हल्ला केला होता, कटांगाची विमानं उठू नयेत म्हणून. म्हणजे आजोबांनी जे डोक्यावर बघितलं ते तिकडे पण कुणाच्या तरी आजोबांनी बघितलं असणार.

आणि टीचर, आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्याच १८ डिसेंबरला तिकडे न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. ७ मतं त्या बाजूने, ४ विरुद्ध, आणि रशियाने व्हेटो वापरला म्हणून तो पडला. ज्या संयुक्त राष्ट्रांसाठी सलारिया १३ दिवसांपूर्वी गेले, तिथेच आपल्याला आक्रमक म्हणत होते. आणि तरी भारताने काँगोतून जवान मागे बोलावले नाहीत. जानेवारी १९६३ ला कटांगाचं बंड संपेपर्यंत आपली ब्रिगेड तिथे होती. चोंबेचे जांदार्म नंतर सीमा ओलांडून अंगोलात गेले, आणि अंगोला तेव्हा कुणाकडे? पोर्तुगालकडे. हे सगळं एकाच काळातलं आहे आणि आपण शाळेत वेगवेगळं शिकलो, खरं म्हणजे काँगोचं शिकलोच नाही.

वाळपईची_ताई

काका, गेटवरच्या बायकांचं वाचून थांबले. भावाला पाठवलं वाचायला.

एक विचारते, हल्ला करणाऱ्यांना शिक्षा होते का कधी?

सांगे_खाणवाला

होते, पण फार थोड्यांना आणि फार उशिरा. सिएरा लिओनमध्ये आरयूएफ बंडखोरांनी २००० साली शेकडो शांतिसैनिक धरून ठेवले होते, आपले गोरखा पण कैलाहुनला अडीच महिने वेढ्यात होते आणि जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून बाहेर काढले. त्या आरयूएफच्या नेत्यांना २००९ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी धरलं, त्यात शांतिसैनिकांवरचे हल्ले हा वेगळा गुन्हा म्हणून होता, कुठल्याही आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या न्यायालयात तसं पहिल्यांदाच झालं. ९ वर्षं लागली.

डिचोलीची_बाई

सगळ्यांना देव बरें करूं. मी दोन वेळा वाचलं सगळं. उद्या वर्गात पहिल्यांदा त्या मुलीला सांगणार की मी तुला दिलेलं उत्तर अपुरं होतं. मग खाणीपासून सुरुवात करते. वाळपईच्या ताईंचं पण सांगणार, आई जेवली नव्हती ते, मुलांची घरं तशीच आहेत, दोघांचे वडील सैन्यात आहेत.

सुभेदारसाहेब, ५ डिसेंबरला सकाळी तासाभरासाठी शाळेत याल का? प्रोजेक्टर आमच्याकडे आहे पण तो कधी चालतो कधी नाही.

बांबोळी_सिग्नल

येतो बाई. पणजीहून डिचोलीची बस धरतो, नऊच्या आधी पोचेन. प्रोजेक्टर नको, फळा आणि रंगीत खडू ठेवा, सर्कल काढून दाखवतो. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला त्या दिवशी पुढे बसवा.